विशेषणं नंतर, आधी आवाज

"वडील गेले. घरात ते आमचे बाबा होते, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं सांगतात तो कुणी वेगळाच माणूस वाटतो. त्यांच्यावर लिहायचंय, पण सुरुवात कुठून करू?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न फार जणांचा असतो आणि बहुतेक जण नेमक्या चुकीच्या टोकाला हात घालतात. पहिल्याच दिवशी कोरा कागद घेऊन बसतात आणि 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ' यापुढे गाडी जात नाही.

लिखाण नंतरही करता येतं. जे नाहीसं होतं ते आधी वाचवा, आणि सगळ्यात लवकर नाहीसा होतो तो आवाज. त्यांचा फोन कुणाला वापरायला देऊ नका, रीसेट करू नका, सिमकार्ड बंद करायची घाई करू नका. नंबर बंद झाला की काही काळाने तो दुसऱ्याच माणसाला मिळतो आणि त्याच्याशी जोडलेली खाती हातातून जातात. व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्यांचे व्हॉइस मेसेज मीडियासह एक्स्पोर्ट करून घ्या. स्वतःच्या फोनमधले घ्याच, पण ज्यांच्याशी ते रोज बोलायचे त्यांनाही सांगा. ही फाइल बहुधा 'ओपस' प्रकारची असते आणि काही प्लेअरवर चालत नाही. मूळ फाइल तशीच ठेवा, ऐकण्यासाठी एमपीथ्रीची वेगळी प्रत करा. "पोचलास का?" एवढाच सहा सेकंदांचा निरोप असला तरी ठेवा.

मग फोटो. नेहमीच्या पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की पुढे दुप्पट मोठा छापला तरी चालतो. पासपोर्ट आकाराचा असेल तर १२००. मागची बाजूही स्कॅन करा, कारण तारीख आणि नावं तिथेच असतात. स्कॅनर नसेल तर फोनने काढा, पण फ्लॅश बंद ठेवून, खिडकीजवळ, थेट ऊन पडत नाही अशा जागी. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, वरचा थर सुटून येतो. दातांचा फ्लॉस (फटी साफ करायचा बारीक दोरा) फोटोखालून हळूहळू सरकवा. तरीही निघत नसेल तर पान आहे तसंच स्कॅन करा. नावं लिहायची तर मागे, कडेला, मऊ पेन्सिलने आणि दाब न देता. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आणि फोटो एकमेकांना पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि छपाईत चेहरे पुसट येतात.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा: घरातला माणूस आणि बाहेरचा माणूस. यासाठी एक तक्ता करा. पाच रकाने पुरेत: वर्ष, त्या वर्षी त्यांचं वय, राहायची जागा, काम, आणि त्या काळात आसपास कोण होतं. नेमणुकीची पत्रं, बदलीचे आदेश, शाळेचे दाखले, बँकेची पासबुकं यांवरून वर्षं भरता येतात. कागदावरची जन्मतारीख आणि घरात सांगितली जाणारी तारीख जुळत नसेल तर दोन्ही नोंदवा. या तक्त्यात वयाचा रकाना सगळ्यात बोलका. मुलांना बाबा कायम 'मोठे' वाटलेले असतात. तक्त्यात दिसतं की ते चौतीस वर्षांचे होते, घरात दोन लहान मुलं होती आणि हाताखाली पहिल्यांदाच चार नवखे आले होते.

आणि इथेच दोन आठवणी समोरासमोर येतात. मुलगी सांगते, त्या वर्षी बाबा रोज उशिरा यायचे. शिष्य सांगतो, त्या वर्षी सर रोज संध्याकाळी थांबून माझं काम तपासायचे. दोघंही खरं बोलतायत आणि संध्याकाळ एकच आहे. लिहिताना हे दोन्ही शेजारी ठेवा. मुलीची तक्रार गाळलीत तर शिष्याला मिळालेल्या वेळेची किंमत वाचणाऱ्याला कळणारच नाही. उलट दिशेनेही शोधा: शिष्याला चूक दाखवताना ते जे म्हणायचे तेच वाक्य घरी गणित चुकल्यावर म्हणायचे का? दोन्हीकडून एकच वाक्य आलं की तो माणूस सापडायला लागतो.

त्यासाठी बोलावं लागेल, आणि एकेकाशी वेगळं. सगळ्यांना एकत्र बसवलं की पहिल्या बोलणाऱ्याची आठवण बाकीचे नकळत आपली म्हणून सांगू लागतात. गप्पांची बैठक जरूर करा, पण नंतर. सर्वांत वयस्कर माणसापासून सुरुवात करा. एका बैठकीला पाऊण तास पुरे, त्यानंतर थकवा येतो. परवानगी विचारून रेकॉर्ड करा: फोन विमान मोडवर, मऊ कापडावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, आणि पंखा बंद. कानाला न जाणवणारी पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये शब्द खाते. उतरवून काढायला तासाभराच्या बोलण्यामागे चार ते सहा तास धरा.

"ते कसे होते?" असं विचारू नका, त्याला उत्तर म्हणून विशेषणच येतं. असं विचारा: तुमची पहिली मोठी चूक झाली तेव्हा त्यांनी काय केलं? काम शिकवताना हात कुठे धरायचे, कधी सोडायचे? नाराज झाले की कसं कळायचं? खिशात काय असायचं? त्यांनी तुम्हाला कशाला नाही म्हटलं? उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाच अंक मोजा. बरीच मोलाची वाक्यं त्या शांततेनंतर येतात.

लिहून झालं की एक कसोटी लावा. प्रत्येक वाक्यात त्यांच्या नावाऐवजी दुसऱ्या कुणाही भल्या माणसाचं नाव घाला. वाक्य तरीही बसत असेल तर ते काढून टाका. 'ते फार समजूतदार होते' हे कुणालाही बसतं. 'कुणाची चूक काढायची असली की आधी उठून दार लावून घ्यायचे' हे बसत नाही. त्यांची बोली तशीच ठेवा, प्रमाण करायला जाऊ नका. एखादा दोषही येऊ द्या. तापटपणा, हट्ट, औषधं न घेणं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ते दिसलं नाही तर बाकीच्या मजकुरावरचा विश्वासही उडतो. मात्र ज्या भांडणाचं उत्तर द्यायला आता ते नाहीत, ते इथे मिटवायला घेऊ नका.

सभेत वाचायचं असेल तर पाच मिनिटांना साडेपाचशे ते सहाशे शब्द, त्याहून जास्त नाही. गळा दाटतो, वेग कमी होतो. अक्षर मोठं ठेवा, कागदाच्या एकाच बाजूला छापा, पानांना क्रमांक घाला. दुसरी प्रत हातात घेऊन कुणीतरी शेजारी बसू द्या. तुम्हाला पुढे वाचता आलं नाही तर तो तिथूनच उचलेल.

पुस्तिका करणार असाल तर ए-फाइव्ह आकार सोयीचा. पिन मारून बांधायची तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते, आणि पानं फार वाढली की घडी फुगते, मग चिकट बांधणी घ्यावी. फाँट युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखाच वाचला जाणारा) असावा आणि पीडीएफमध्ये तो अंतर्भूत केलेला असावा. नाहीतर छापखान्यात जोडाक्षरं फुटतात, 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' सर्वांत आधी. म्हणून पडद्यावर तपासून भागत नाही, एक प्रत छापून घ्या आणि ती मोठ्याने वाचा. ज्याची आठवण घेतलीत त्याला त्याचा परिच्छेद आधी पाठवा. नाव चुकलं, किंवा एखाद्या शिष्याचं नाव राहूनच गेलं, तर ते वर्षानुवर्षं सलतं.

पहिली छापील प्रत आईंच्या हातात द्या, सोबत पेन्सिल द्या, आणि घाई करू नका. त्या जे खोडतील ते वाद न घालता काढा. मूळ रेकॉर्डिंग आणि स्कॅन तीन जागी ठेवा, त्यांतली एक जागा दुसऱ्या घरात. फाइलच्या नावातच वर्ष आणि बोलणाऱ्याचं नाव घाला. आणि पुस्तिकेच्या शेवटी चार पानं कोरी सोडा, वर फक्त 'अजून आठवलेलं' एवढंच छापून. वाचून झाल्यावर माणसांचे फोन येतात, "अहो, एक राहिलंच," असे. ते लिहायला जागा लागेल.