अडकित्त्यानं कापलेल्या गोळ्या

२०२४च्या उन्हाळ्यातला मंगळवार, बाजाराचा दिवस. मराठवाड्यातल्या ज्या ग्रामीण रुग्णालयात मी औषध निर्माण अधिकारी आहे, तिथे बाजारच्या दिवशी औषधांच्या खिडकीची रांग पार केसपेपरच्या टेबलापर्यंत जाते. अकराच्या सुमारास एका आजींनी खिडकीतून चुन्याची डबी आत सरकवली. "ह्या गोळ्या हायेत का, तेवढं सांग बाबा."

डबीत टेल्मिसार्टनचे अर्धे अर्धे तुकडे होते, ओल धरून मऊ पडलेले. ही बीपीची गोळी हवेतला ओलावा पटकन शोषते, म्हणून घेईपर्यंत ती पाकिटातच ठेवायची असते.

"आजी, अर्ध्या कुणी केल्या?"

"मीच. अडकित्त्यानं. महिन्याच्या गोळ्या दोन महिने जातात."

२०२२ साली त्या याच खिडकीवर आल्या होत्या. तेव्हा ही गोळी शिल्लक नव्हती, म्हणून त्यांच्या हातात बाहेरची चिठ्ठी पडली. त्या चिठ्ठीवर त्या मेडिकलमधून विकत घेत राहिल्या आणि दवाखान्याची पायरी पुन्हा चढल्या नाहीत. ती चिठ्ठी कदाचित मीच हातात दिली असेल. सिस्टरनं बीपी मोजलं, १९६ वर ११०. डॉक्टरांनी आजींना लगेच आत घेतलं.

१५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या, उपचार सगळं मोफत झालं. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नाहीत, हे मला आजही खटकतं. आमच्याकडून पुढे पाठवलेला माणूस तिथे गेला की पुन्हा खिशात हात घालतो. पण आजींना केसपेपरच्या दहा रुपयांनी अडवलं नव्हतं. अडवलं होतं बाहेरच्या चिठ्ठीनं.

आणि त्या दिवशीही टेल्मिसार्टन संपलेलीच होती. अॅम्लोडिपिन भरपूर, मेटफॉर्मिन भरपूर, हीच नेमकी नाही. ई-औषधी या साठ्याच्या ऑनलाइन नोंदीत पाहिलं तर जिल्ह्याच्या भांडारात साठा दिसत होता, पण तो आमच्यापर्यंत यायला आठवडा लागणार. डॉक्टरांनी सवयीनं चिठ्ठीचं पॅड पुढे ओढलं. मी म्हणालो, "सर, ही बाहेर पाठवायची नाही." औषध नसेल तर रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून स्थानिक खरेदी करता येते. मी अर्ज लिहून वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर नेला. त्यांनी फक्त किती लागतील ते विचारलं आणि सही केली. दुपारी अडीचला गोळ्या आल्या. तोवर आजी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होत्या.

तामिळनाडूत प्रत्येक सरकारी दवाखान्याला औषधांचं पासबुक असतं. मंजूर रकमेतून तो आपल्या गरजेप्रमाणे जिल्ह्याच्या गोदामातून माल उचलतो. आमची मागणी मात्र बऱ्याचदा गेल्या वर्षीच्या खपावरून ठरते. गोळी नव्हती म्हणून जे आलेच नाहीत, ते त्या खपात कुठून दिसणार?

मी आजींना तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. एरवी पाच-सात दिवसांच्या देण्याची पद्धत आहे. एसटीला बायकांना अर्धं तिकीट असलं तरी दर आठवड्याच्या खेपेला एक रोज बुडतो, आणि आजी अजून खुरपायला जातात. "रोज सकाळी एक, अख्खी. पाकिटातून काढायची ती खाताना," असं मी तीनदा सांगितलं. त्यांनी पदराची गाठ सोडून नोट काढली. मी ती परत सरकवली. त्यांनी पुन्हा पुढे केली, म्हणाल्या, "मग उद्या नाही म्हणशील." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

महिनाभरानं त्या आल्या. बीपी १४४ वर ८६. सोबत गल्लीतल्या दोघी होत्या. त्यांतली एक साखरेची गोळी दोनदाऐवजी एकदाच घेत होती, दुसरीनं बीपीची बंदच केली होती. दोघींचे केसपेपर काढले, आणि त्या महिन्याच्या मागणीपत्रकात टेल्मिसार्टनचा आकडा खोडून दुप्पट लिहिला.