झाडपाल्याचं मंजन आणि कवळीवरच्या रेघा

सोलापुरात विडी वळणाऱ्या एक आजी वरची कवळी रुमालात गुंडाळून दवाखान्यात आल्या. बसवून वर्षही झालं नव्हतं. तक्रार एकच, वास येतो. गुलाबी भागाची चकाकी गेलेली, ओठाकडच्या बाजूला आडव्या बारीक रेघा. भिंगातून पाहिलं, तर रेघांत तांबडं भरलेलं. गेरू.

"कशानं घासता, आजी?"

"मंजनानं की. झाडपाल्याचं हाय. दाताला चालतंय, मग ह्याला का न्हाई?"

प्रश्न रास्त होता. कठीणपणा मोजायच्या नूप मापात दातावरच्या आवरणाचा, म्हणजे एनॅमलचा आकडा ३०० च्या वर, कवळीच्या प्लास्टिकचा, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा जेमतेम २० च्या आसपास. खरवडतो तो मंजनातला खडू, सिलिका, गेरू. कडुनिंब-बाभळीला उगाच बोल लावू नये. पण डब्यावर 'हर्बल' छापल्यानं दाणा मऊ होत नाही. पृष्ठभागाचा खडबडपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की जंतूंचा थर जास्त साचतो, आणि कॅन्डिडा बुरशीला बसायला आयतीच जागा मिळते. टाळू लालबुंद होताच.

लॅबमधला पॉलिश केलेला अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घेतला, मधे चिकटपट्टी लावली. ब्रश त्यांचाच, एकीकडे मंजन, दुसरीकडे हात धुवायचा साबण, दोन्हीकडे २०० फेरे. धुऊन ट्यूबलाइटखाली तिरका धरला. साबणाकडे ट्यूबचं प्रतिबिंब सरळ, मंजनाकडे पांढुरका धूसर पट्टा. आजींनी नख फिरवून पाहिलं आणि गप्प झाल्या.

दुरुस्ती फक्त बाहेरच्या बाजूची. दातांवर चिकटपट्टी, खोल रेघांवर ओला बारीक पॉलिशपेपर, मग प्युमिस (ज्वालामुखीच्या दगडाची पूड) आणि पाण्याचा लगदा आणि भिजवलेलं कापडी चाक, ते फिरवणारं लेथ यंत्र मंद. कवळी एका जागी धरली की अ‍ॅक्रिलिक तापतं आणि वाकतं. प्युमिस प्रत्येकाला ताजा. एकाचा लगदा दुसऱ्याला वापरणं म्हणजे जंतू वाटणं. टाळूला टेकणारी बाजू पॉलिश करायची नाही, पकड जाते. ती साबणानं घासून ०.५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये (पातळ ब्लीचमध्ये) १० मिनिटं ठेवली आणि खळखळून धुतली. कवळीत धातू असता तर हे द्रावण वापरलं नसतं. टाळूसाठी औषध वेगळं दिलं.

घरी मऊ ब्रश, साधा साबण, खाली पाण्यानं भरलेलं घमेलं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात. उकळतं पाणी नाही, आकार बिघडतो.

"आन् अर्धा डबा उरलाय त्याचं?" आजींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "देवाची भांडी घासीन."