आमची वाटचाल : रिमच्या पोटातली जागा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडसमोर उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचल्या की आमचं गिऱ्हाईक कुठून येतं ते कळतं. केए २२ तर घरचीच, चिकोडी-निपाणीकडची केए २३, कोल्हापूरची एमएच ०९ आणि पाऊस सरला की गोव्याची जीए. सगळ्यांचं मागणं जवळपास एकच असतं : ब्रेक मोठे हवेत, पण कंपनीची व्हील बदलायची नाहीत.

मी मूळचा टर्नर. इथल्याच एका फौंड्रीच्या मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं लेथवर उभा राहिलो. ब्रेकची डिस्क ज्या ग्रे आयर्नची असते, ते आमच्या हाताखालून रोज जायचं. त्या लोखंडात ग्राफाइटच्या पापड्या असतात. त्यांच्यामुळं ते उष्णता लवकर पसरवतं आणि थरथर पोटात घेतं. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही बहुतेक गाड्यांना डिस्क त्याचीच लागते. पुढं एक जुना लेथ घेऊन भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. कर्ज, हप्ते, लॉकडाऊनमधले बंद महिने हे सगळ्यांनीच सोसलंय, त्यावर जास्त लिहीत नाही.

पहिली काही वर्षं फक्त डिस्क टर्निंग केलं, म्हणजे झिजलेली डिस्क लेथवर सपाट करून द्यायची. आंबोली उतरून आलेल्या टॅक्सीवाल्याचं स्टिअरिंग ब्रेक दाबला की थरथरायचं आणि तो म्हणायचा, ‘मामा, डिस्क वाकली की.’ डायल गेज लावून बघितलं तर बऱ्याच वेळा डिस्क सरळच असायची. डिस्क आणि व्हील ज्यावर बसतात त्या हबच्या तोंडावर गंजाची पापडी बसलेली, नाहीतर तापलेल्या पॅडचा माल डिस्कवर एका जागी चिकटलेला. हब घासून साफ केला की निम्मी दुखणी तिथंच संपत. आजही फिरताना डिस्कची फेक (डावं-उजवं हलणं) ०.०५ मिमीच्या वर दिसली तर आम्ही व्हील चढवत नाही.

मोठ्या ब्रेकचं काम आणलं ते टिळकवाडीच्या एका काकांच्या पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हियानं. १.८ टर्बो, १६ इंची कंपनीची व्हील, पुढं २८८ मिमीची डिस्क. चोर्ला घाटातून साखळीकडं उतरताना पेडल मऊ पडतं ही त्यांची तक्रार. त्यांना सगळीकडं एकच सल्ला मिळालेला : १८ इंची व्हील घाला, मग हवा तो ब्रेक बसवा. काकांना ते नको होतं. जांबोटीच्या पुढं पावसाळ्यात रस्त्याची काय दशा होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. पातळ टायरची मोठी रिम एका खड्ड्यात वाकते, जाड टायरचं १६ इंची व्हील तोच खड्डा गिळून जातं. त्यांचं म्हणणं मला पटलं. त्याच घराण्यातल्या युरोपच्या आरएस मॉडेलला ३१२ मिमीची डिस्क होती. कॅलिपर, म्हणजे पिस्टननं पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, तोच, फक्त त्याला धरणारा कॅरियर आणि डिस्क वेगळी. म्हणजे कॅलिपर १२ मिमी बाहेर सरकतो आणि तेवढ्याच दाबाला साधारण १० टक्के जास्त पकड मिळते. पिस्टन तोच असल्यामुळं पेडलही लांब जात नाही.

प्रश्न जागेचा होता. १६ इंची म्हणजे ४०६ मिमी हे माप टायर जिथं बसतो तिथलं. आतली मोकळी जागा त्याहून बरीच कमी असते आणि ती प्रत्येक डिझाइनच्या व्हीलमध्ये वेगळी. आमच्या ओळखीच्या एका पॅटर्नवाल्या मामांनी प्लायवूडमध्ये डिस्क आणि कॅलिपरचा आकार कापून दिला, हबवर बसेल असा. गणपतीचे दिवस होते, शेजारच्या मूर्तिकाराकडून मूठभर शाडू आणला. त्याच्या गोळ्या कॅलिपरच्या पाठीवर आणि स्पोकच्या बाजूला चिकटवल्या, व्हील चढवलं, हळूच एक फेरा फिरवला, उतरवलं. दबलेल्या गोळीची जाडी व्हर्नियरनं मोजली : वर ४ मिमी, स्पोककडं ३ च्या किंचित वर. काम झालं. आता शाडूऐवजी मुलांची क्ले वापरतो, ती सुकत नाही. पद्धत तीच.

तरी त्या गाडीनं आम्हाला एक धडा दिलाच. पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला, चाकातून ‘टक टक’ आवाज येतोय. व्हील उतरवलं तर कॅलिपरच्या पाठीवर चमकता ओरखडा आणि रिमच्या आत अर्धवट सोललेलं शिसं. मधे बॅलन्सिंग करून घेतलं होतं, चिकटवायची वजनं नेमकी कॅलिपरसमोर आली होती. वजनं लावणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. आम्ही मोजताना वजनांची जाडी धरलीच नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते वजन घाटात सुटून कॅलिपर आणि रिमच्या मधे अडकलं असतं तर? तेव्हापासून मोजताना रिममध्ये वजन लावूनच मोजतो आणि गिऱ्हाइकाला वजनं कुठं लावायची याची खूण रंगानं करून देतो. पॅडही नवेच घालून मोजतो, कारण सरकत्या कॅलिपरचा बाहेरचा जबडा पॅड झिजतील तसा आत जातो. स्पोकला तो सगळ्यात जवळ असतो ते पॅड नवे असताना.

मोठे ब्रेक लावले की गाडी लगेच कमी अंतरात थांबते असं आम्ही कुणालाही सांगत नाही. एका जोरदार ब्रेकला गाडी थांबवतो तो टायर. मोठी डिस्क कामाला येते ती उतारावर. १४०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी १०० किमी वेगावरून डझनभर वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. थोडी इंजिन आणि वारा घेतात, उरलेली डिस्कला सोसावी लागते. म्हणून मोठा ब्रेक मागायला आलेल्याचं ब्रेक ऑइल आम्ही आधी बघतो. डॉट ४ नवं असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू १५५ पर्यंत खाली येऊ शकतो आणि आपल्याकडचा पाऊस काय थोडा आहे? ऑइल आणि चांगले पॅड बदलून कित्येकांचं काम होतं. त्यांना तसंच घरी पाठवतो. माझ्या पोराला सुरुवातीला हे पटायचं नाही, आता तोच गिऱ्हाइकाला समजावतो.

चार पिस्टनचा कॅलिपर गाडीला जोडणारे ब्रॅकेट आता आम्ही स्वतः बनवतो, ७०७५ अ‍ॅल्युमिनियममध्ये, व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, १०.९ ग्रेडचे बोल्ट वापरून. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) कंपनीचाच राहणार असेल तर एका बाजूच्या पिस्टनचं मिळून क्षेत्रफळ मूळच्या पिस्टनच्या जवळ ठेवतो, नाहीतर पेडल खोल जातं आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. स्पोकला जागा कमी पडली तर हब आणि व्हीलच्या मधे ५ मिमीची चकती, म्हणजे स्पेसर, चालतो, पण हबवर घट्ट बसणारा आणि त्याच मापानं लांब बोल्टसकट. त्याहून जाड स्पेसर घालून जागा करायची मागणी आली की नाही म्हणतो.

गेल्या आठवड्यात मडगावहून एक तरुण १७ इंची व्हीलची हॅचबॅक घेऊन आला. त्याला ३३० मिमीची डिस्क हवी आहे. क्ले दबून २.२ मिमीच भरली, म्हणजे जागा कमी पडतेय. कॅलिपर थोडा खाली घेणारा ब्रॅकेट पोरानं काढलाय, त्याचा प्लायवूडचा नमुना मामांच्या मुलाकडं कापायला दिलाय. नमुना शनिवारी येईल, मग पुन्हा मोजू. तोवर त्या तरुणाची गाडी जुन्याच डिस्कवर, नवं ब्रेक ऑइल भरून परत गेली आहे.