थीम झाल्या, सिद्धांत कुठे आहे?

गुरुवार, रात्री

आज माझ्या शोधनिबंधावर समीक्षकांचे अभिप्राय आले. मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा. दुसऱ्या समीक्षकाने एकच मुद्दा लावून धरलाय: मुलाखती चांगल्या आहेत, थीम, म्हणजे त्यांतून पुन्हा पुन्हा निघणारे मुद्दे, नीट मांडल्यात, पण सिद्धांत कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. दुपारपासून डोक्यात तोच घोळतोय.

विषय बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या किराणा दुकानांची उधारी. फोनवरून क्षणात पैसे जातात, तरी लोक महिन्याच्या खात्यावर सामान का नेतात? मसुद्यात विश्वास, सोय आणि जुनी ओळख अशा तीन थीम आहेत. खोटं त्यात काहीच नाही. पण 'ओळख आहे म्हणून उधारी चालते' हे रांगेतली कुठलीही काकू सांगेल. सटन आणि स्टॉ या संशोधकांनी १९९५ मध्ये स्पष्टच लिहिलं होतं की संदर्भ, माहिती, चलांची (बदलत्या घटकांची) यादी, आकृत्या, गृहीतकं म्हणजे सिद्धांत नव्हे. 'का'चं उत्तर हवं. त्यांना उत्तर देणारे संशोधक वाइक यांचं म्हणणं त्याला धरूनच, पण जरा मायेचं: या गोष्टी सिद्धांताकडे जाणाऱ्या वाटेवरच्याही असू शकतात. मला वाइक जास्त पटतात.

संध्याकाळी ट्रान्स्क्रिप्ट पुन्हा काढली आणि एका नोंदीपाशी थांबले. एक आजी महिन्याचा हिशेब द्यायला आल्या होत्या. सहाशे चाळीस झाले. त्यांनी पाचशेची एक, शंभराची एक आणि विसाच्या दोन नोटा मोजून ठेवल्या. दुकानदार काकांनी विसाच्या दोन्ही नोटा परत सरकवल्या. 'बधो हिसाब आजे ज केम पतावो छो?' (सगळा हिशेब आजच का मिटवताय?) म्हणाले आणि वहीच्या नव्या पानावर चाळीस पुढे ओढले. आजी पुटपुटल्या, पण नोटा कनवटीला गेल्या. याच काकांनी सगळं चुकतं करणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला विचारलं होतं, घर बदलताय का?

इथे बाण उलटा फिरतो. विश्वास आहे म्हणून बाकी राहते, एवढंच नाही. बाकी राहते म्हणून येणंजाणं टिकतं, आणि त्यातून विश्वास वाढतो. देणं शिल्लक राहिलं की नातं चालू राहतं, हा धागा समाजशास्त्रज्ञ मोस यांच्या १९२५ च्या भेटवस्तूंवरच्या निबंधापर्यंत मागे जातो. तेवढंच सांगितलं तर संपादक विचारतील, यात नवं काय? माझ्या मते नवं दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे, अ‍ॅप प्रत्येक खरेदीला हिशेब शून्यावर आणतं, त्यामुळे बाकी आता आपोआप राहत नाही, दुकानदाराला ती मुद्दाम राखावी लागते. दुसरं, बाकीला मर्यादा आहे. चाळीस रुपये माणसाला परत आणतात. तीच रक्कम फुगली की तो गल्ली बदलून जातो. दोन मुलाखतींत हे ओझरतं आलंय, पक्कं करायला हवं.

मार्गदर्शक मॅडम म्हणतात, आणखी दहा मुलाखती घे. मला संख्येपेक्षा माणसं महत्त्वाची वाटतात. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच सांगितलंय की पुढे कोणाकडे जायचं हे हाती येणाऱ्या सिद्धांतावरून ठरवा. म्हणजे मला आता दुकान सोडून गेलेली गिऱ्हाइकं गाठायची आहेत. मोठ्या देण्यावर बोलायला ती तयार होणं अवघड, पण तिथेच या कल्पनेचा कस लागेल.

मांडणीबद्दलही ठरवलं. जिओया आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या लेखासारखी डेटा स्ट्रक्चरची आकृती समीक्षकांना हवी असते, ती देईन. डावीकडे लोकांचे शब्द, उजवीकडे आपल्या संकल्पना. पण त्या चौकटींतून कशामुळे काय घडतं हे दिसत नाही, म्हणून प्रक्रियेची वेगळी आकृती काढणार. काकांचं वाक्य मूळ गुजरातीतच राहील.

एक गोष्ट मात्र देणार नाही. पहिल्या समीक्षकाने दुकानांचं 'अधिक तपशीलवार वर्णन' मागितलंय. या गल्ल्यांत दुकान कोपऱ्यावर आहे आणि मालकाचं वय अमुक, एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो, आणि कोणाकडे किती थकलंय ही घरातली गोष्ट असते. त्यांनी वही माझ्यासमोर उघडली ती नाव बाहेर जाणार नाही या बोलीवर. उत्तराच्या पत्रात हेच आधी लिहीन, मग नवीन मुलाखतींसाठी संपादकांकडे मुदत वाढवून मागेन.