दहा डॉलरची जमीन

कॅनडातल्या एडमंटनला आल्यापासून एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने सुरुवात केली की पुढचं मी मनातल्या मनात पुरं करते: "आमचे पणजोबा रिकाम्या हाताने आले, कुणाकडे काही मागितलं नाही, फक्त कष्ट केले." परवा शेजारच्या बाईंनी हेच ऐकवलं. विषय होता नव्याने येणाऱ्यांना मिळणाऱ्या सोयी. मी हसून मान डोलावली आणि घरी येऊन धुमसत बसले.

काही मागितलं नाही? 160 एकर मागितले होते की! 1872 चा कायदा होता. दहा डॉलर फी भरा, तीन वर्षं राहा, घर बांधा, ठरावीक एकर वहितीखाली आणा, जमीन तुमच्या नावावर. आपल्याकडे सीलिंगमध्ये कोरडवाहूलासुद्धा 54 एकरांची मर्यादा. इथे बोटीतून उतरलेल्याला सरकार जवळजवळ तिप्पट देत होतं. आणि ती जमीन सरकारकडे कशी आली? क्री वगैरे मूळच्या लोकांशी 1876 मध्ये केलेल्या सहाव्या करारानंतर त्यांना राखीव तुकड्यांवर सरकवून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हे वाटप चालू असतानाच, आपले पंजाबी ब्रिटिश कोलंबियात लाकडाच्या गिरण्यांत राबत होते. 1908 मध्ये त्यांच्यासाठी नियम निघाला: मायदेशाहून वाटेत कुठेही न थांबता आलात, तरच उतरू देऊ. भारतातून तशी बोट सुटतच नव्हती!

हे सगळं बाईंना सुनवायचंच, असं ठरवून बसले होते. पण मधल्या रविवारी आम्ही शहराच्या पूर्वेला युक्रेनियन लोकांच्या जुन्या वस्तीचं जे संग्रहालय आहे तिथे गेलो आणि माझा आवाज जरा खाली आला.

तिथे 'बुर्देई' आहे. जमिनीत खड्डा, वर लाकडं आणि गवताची ढेकळं, झालं घर. उणे तीस-चाळीसचा पहिला हिवाळा बायकामुलांसह त्यात काढायचा. हे लोक, बाईंचे पणजोबाही त्यांतलेच, आले गॅलिशियातून, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या एका प्रांतातून. तिथे रान जमीनदाराचं, सरपणालाही महाग. म्हणून इथे सपाट मोकळी जमीन सोडून त्यांनी मुद्दाम झाडीची निवडली. मग त्या निवडीचे भोगही आले. एकेक झाड तोडायचं, मुळ्या कुऱ्हाडीने मोकळ्या करायच्या, बैल जुंपून बुंधा ओढून काढायचा. उन्हाळ्यात डास इतके, की माणसांसाठी आणि जनावरांसाठी धूर करून ठेवावा लागे. आणि दगड! थंडीत जमीन गोठते आणि फुगते, त्यामुळे दरवर्षी नवे दगड वर येतात. गेल्या साली वेचलेल्या शेतात या साली पुन्हा वेचायचे.

मी माणदेशातली. रानातले गोटे वेचून बांधावर रचणं मला कुणी समजावून सांगायला नको. पण आमचा दगड एकदा बांधावर गेला की गेला.

रोकड पैसा तर नव्हताच. म्हणून गडी रेल्वेच्या रुळांवर, खाणीत, दुसऱ्याच्या सुगीला जायचे आणि बाई एकटी त्या रानात, पोरं सांभाळत, जंगलातून सेनेका नावाच्या औषधी मुळ्या खणून विकत. आमच्याकडेही गडी मुंबईला गिरणीत, बाई रानात आणि वाट मनीऑर्डरची. फरक इतकाच, की आमच्या आजीला हाकेच्या अंतरावर जावा होत्या. आणि तिला पुढे 160 एकर मिळणार नव्हते, हेही लिहून ठेवते. इथेही विधवा किंवा एकटी कुटुंबप्रमुख नसेल, तर बाईला असा अर्ज करताच येत नव्हता.

मी स्वतः हीटर लावलेल्या गाडीतून ऑफिसला जाते आणि दिवसभर खुर्चीत बसते. त्याला कष्ट म्हणायचं का, असं इथे कुणी थेट विचारत नाही, पण सूर तसा असतो. शिक्षण आमच्या घरच्यांनी जमीन विकून केलंय, त्याचा हिशेब कोण धरतो?

शेजारच्या बाई एक गोष्ट कधीच सांगत नाहीत, आणि मला वाटतं तीच त्यांनी आधी सांगायला हवी. 1914 मध्ये युद्ध लागलं. हे लोक कागदोपत्री ऑस्ट्रियाचे, म्हणून शत्रू ठरले. साडेआठ हजारांवर माणसं छावण्यांत कोंडली, त्यात बहुसंख्य युक्रेनियन. बरेचसे तर कामाच्या शोधात फिरणारे साधे मजूर. तुम्ही सगळे ज्या बॅन्फ नॅशनल पार्कचे फोटो मागता, तिथेच कॅसल माउंटनच्या पायथ्याशी 1915 मध्ये एक छावणी उघडली. बॅन्फहून लेक लुईसकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम या कैद्यांकडून करून घेतलं. ज्या देशाने मेंढीच्या कातडी कोटातले शेतकरी हवेत म्हणून यांना बोलावलं, त्यानेच पहारा बसवला.

उन्हाळ्यात सासूबाई आणि मामंजी येतायत, बॅन्फ ठरलेलंच आहे. छावणीच्या जागी एक पुतळा आहे, तिथे गाडी थांबवायची असं मी ठरवलंय. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. त्याला लेक लुईसचं पार्किंग भरायच्या आत पोचायचं असतं.