लाँचला रकाना नव्हता

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं. बरवे जन्मले १९३६ साली, अलिबागजवळच्या आमच्या नागावात. मी शेजारच्याच गावात चित्रकला शिकवते. मुलांना त्यांची चित्रं आजवर फक्त पुस्तकात, पोस्टकार्डाएवढी दाखवली होती. नववीची बावीस मुलं घेऊन जायचंच, असं ठरवलं.

मुख्याध्यापक हो म्हणाले, पालकांची संमतिपत्रं दोन दिवसांत आली. पुढचे सोळा दिवस एका कार्यालयात गेले.

परवानगीच्या अर्जात रकाना होता, 'बसचा क्रमांक'. आम्ही मांडव्याहून लाँचने जाणार होतो. अलिबागहून लाँचवाल्यांचीच बस जेट्टीवर नेते, तासाभरात गेटवे, तिथून दालन अगदी चालत. मी रकान्यात 'लाँच' लिहिलं. अर्ज परत. दुसऱ्या खेपेला लाँचचं वेळापत्रक जोडलं, तर "मॅडम, पाण्यातून सहल नेता येणार नाही."

२०१६ साली मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली मुलं बुडाली. तेव्हापासूनची धास्ती मला कळते, मीही आई आहे. पण मुलांना समुद्रात उतरवणं वेगळं आणि माणसं रोज कामाला जातात त्या लाँचमध्ये बसवणं वेगळं. हे मी तीन टेबलांवर सांगितलं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी होड्या आहेत. "लेखी द्या," म्हणाले. दिलं. मग साहेब दौऱ्यावर. साहेब आले तेव्हा फाईल ज्यांच्याकडे ते रजेवर. पाचव्या खेपेला माझा लेखी खुलासाच सापडेना, आणि माझ्याकडे पोच नव्हती. अर्ज असो की साधं पत्र, तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. प्रदर्शनाचे दिवस संपत चालले होते.

तिथल्याच शिपाईमामांनी वाट दाखवली. "बाई, आगारात जा, एसटीचा प्रासंगिक करार करा, म्हणजे अख्खी बस भाड्याने घ्या. तो जोडला की अडवणार नाहीत." शाळेच्या सहलीला भाड्यात निम्मी सवलतही मिळते. करार जोडला, दुसऱ्या दिवशी सही झाली. तेव्हा आधी आगार, मग अर्ज.

समोर समुद्र असताना आम्ही पेणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा घालून गेलो. पहाटे पाचला निघालो, वडखळला अडकलो. लाँचने गेलो असतो तर मांडव्याजवळ सासवन्याला शिल्पकार करमरकरांचं शिल्पालयही दाखवता आलं असतं. ते नात्याने बरव्यांचे आजोबा लागत. त्याची हळहळ अजून जात नाही. (दालन सोमवारी बंद असतं, वार बघून करार करा.)

आत गेल्यावर मुलं आपोआप गप्प झाली. मोकळ्या अवकाशात एखादं पान, एखादं घड्याळ, इतकंच. बरवे कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरत. त्याचा गुळगुळीतपणा छपाईत उतरत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. मी ते समजावून सांगणार, तेवढ्यात एक मुलगा चित्राशी वाकला. दरवर्षी पावसाळ्यानंतर तो वडिलांबरोबर होडी रंगवतो.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हा आपला होडीचा रंग."