२२-४

जानेवारीतल्या एका गुरुवारी रात्री मी एका पोराचा हात विजयी म्हणून वर उचलला आणि त्याच कुस्तीनं त्याचा संघ हरला. गुणफलक होता २२-४. इतक्या एकतर्फी कुस्तीत पंचाला काय डोकेदुखी, असं कुणालाही वाटेल. मला मात्र ती कुस्ती अजून सोडत नाही.

दिवसा मी सॉफ्टवेअरचं काम करतो. डिसेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी आणि शनिवारी अमेरिकेतल्या हायस्कूलच्या कुस्त्यांना पंच म्हणून उभा राहतो, याला आता नऊ वर्षं झाली. मूळचा कोल्हापूरचा. बारावीपर्यंत तालमीत होतो, लाल मातीत वाढलो. इथलं अर्धं काम कुस्ती सुरू व्हायच्या आधीच होतं: प्रत्येक पोराची कातडी उजेडात बघायची, गजकर्णाचा चट्टा दिसला तर डॉक्टरची चिठ्ठी मागायची, नखं तपासायची. मग एका मनगटावर लाल पट्टी, दुसऱ्यावर हिरवी. पोरांच्या घोट्यालाही तेच रंग. मॅटवर नावं नसतात, लाल आणि हिरवा एवढंच. इथंही तसंच लिहितो.

आमच्याकडं दोन शाळांच्या लढतीत १४ वजनगट, म्हणजे १४ कुस्त्या. प्रत्येक कुस्तीचे संघाला गुण मिळतात, पण सगळ्या विजयांची किंमत सारखी नाही. सात गुणांपर्यंतच्या फरकानं जिंकलं तर ३. फरक ८ ते १४ असेल तर ४. फरक १५ झाला की कुस्ती तिथंच थांबते, त्याला टेक्निकल फॉल म्हणतात, त्याचे ५. आणि चितपट केलं तर ६.

हा पाच आणि सहामधला एक गुण मला पहिली दोन वर्षं पटतच नव्हता. तालमीत आम्हाला एकच विजय माहीत होता. पाठ लागली की निकाल, नाही लागली तर कुस्ती बरोबरीत सुटली. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात वडिलांच्या खांद्यावर बसून मी ज्या कुस्त्या बघितल्या, त्यात गुण नावाची गोष्टच नव्हती. इथं मी पहिल्यांदा पाहिलं की चांगला पैलवान समोरच्याला खाली घेतो, ताबा मिळवतो आणि लगेच स्वतःहून सोडून देतो. सुटल्याबद्दल समोरच्याला १ गुण. पुन्हा पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचं, पुन्हा ताबा, पुन्हा सोडायचं. मला हा प्रतिस्पर्ध्याचा अपमान वाटायचा. धरलंय तर पाठ लाव की!

मत हळूहळू बदललं. सहा मिनिटांत पाच-सहा वेळा स्वच्छ पट काढायचा म्हणजे दमसास, पाय आणि डोकं तिन्ही लागतात. चितपट एखादवेळी नशिबानंही होते, समोरच्याचा पाय घसरतो आणि तो पाठीवर पडतो. १५ गुणांची आघाडी नशिबानं मिळत नाही. २०२४-२५ च्या हंगामापासून ताब्याचे गुण दोनाचे तीन झाले आणि गणितच बदललं. आधी घेऊन सोडलं की निव्वळ एक गुण पदरी पडायचा, आता दोन पडतात. त्यामुळं काही शाळांत पोरं पट काढण्यात तरबेज होतात आणि वरून पलटी कशी मारायची हे शिकतच नाहीत. याला मी प्रशिक्षकांना दोष देतो, पोरांना नाही.

त्या रात्रीचा हिरवा असाच होता.

पहिली कुस्ती कोणत्या वजनाची हे चिठ्ठीनं ठरतं, त्यामुळं शेवटची कुस्ती हलक्या गटाची आली. तेव्हा फलक होता लाल ३६, हिरवे ३१. म्हणजे हिरव्यानं चितपट केलं तर ३७-३६. टेक्निकल फॉल केला तर ३६-३६, आणि मग बरोबरी फोडायचे निकष. त्यात कुस्त्या मोजतात. त्या सात-सात झाल्या असत्या. मग चितपट, पुढे चाल वगैरे सहा गुणांचे विजय मोजतात. लालचे पाच, हिरव्यांचे चार. थोडक्यात, हिरव्याला १५ च्या फरकानं जिंकणं म्हणजे हरणं होतं. पंचानं संघांचे गुण बघू नयेत असं मी नव्या पंचांना सांगतो. मी बघितले होते.

लाल पोरगं नववीतलं, हंगामभरातच कुस्ती शिकलेलं. हिरव्यानं पहिल्या दोन मिनिटांत तीनदा ताबा घेतला, दोनदा सोडलं. दुसऱ्या फेरीच्या शेवटी १५-३. तिसऱ्या फेरीत लालनं खालची जागा निवडली. हिरव्यानं सवयीनं त्याला सोडलं, १५-४, आणि लगेच एकेरी पट काढून खाली घेतलं, १८-४. फरक १४. आणि आता त्याच्या प्रशिक्षकाच्या लक्षात आलं. तो खुर्चीवरून उठून ओरडायला लागला की आता सोडू नकोस, सोडू नकोस. सोडून पुन्हा धरलं असतं तर फरक १६, कुस्ती खलास, लढतही खलास. थेट पाठीवर घेतलं असतं तरच पुढं चालली असती.

शेवटचं एक मिनिट. लाल पालथा, हात छातीखाली, पोट मॅटला चिकटलेलं. तो सुटायचा काहीच प्रयत्न करत नव्हता. नियमानं ही टाळाटाळ. दुसऱ्या फेरीत मी त्याला एकदा ताकीद दिलेली होती, दुसऱ्यांदा दिली की हिरव्याला १ गुण. म्हणजे फरक १५. म्हणजे लालच्या चुकीची शिक्षा हिरव्या संघाला. असं करणारा नियम ज्यांनी लिहिला, त्यांनी हा प्रसंग कधी डोळ्यासमोर आणलाच नसावा. माझी मूठ वर जायला निघाली होती. मी ती वर नेली नाही. लाल प्रशिक्षक माझ्याकडं बघून हात पसरत होता, तो मागत होता आपल्याच पोराला शिक्षा! त्याचं मागणं नियमाला धरून होतं. मी दुसरीकडं पाहिलं.

मग हिरव्यानं आयुष्यात बहुधा पहिल्यांदा खालच्या पोराला उलटवायचा मनापासून प्रयत्न केला. एक हात मानेवरून, दुसरा गुडघ्यामागून, दोन्ही हात जुळवून त्यानं पोराला गाठोड्यासारखं बांधलं. इथं याला क्रेडल म्हणतात, मला दर वेळी आपला मोळी डाव आठवतो. पंधरा-सोळा सेकंद उरले असताना लाल पाठीवर आला.

आता पंचानं काय करायचं ते सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. मी मॅटवर पालथा पडलो, गाल जमिनीला लावून. दोन्ही खांदे मॅटपासून चार इंचांच्या आत आले की हातानं झोके देत मोजायचं. चार झोके, चार गुण. हे गुण लगेच द्यायचे नसतात, पाठीवरची स्थिती संपल्यावर द्यायचे. तोवर १५ चा फरक झाला तरी कुस्ती थांबत नाही. मी चार मोजले, आणि मग फक्त त्याच्या खांद्यांच्या फऱ्यांकडं बघत राहिलो. डावा टेकलेला. उजव्या खाली उजेडाची एक फट. पोरगं मानेवर पूल करून टाचा मारत होतं. शंभर-दीडशे माणसं एकाच वेळी ओरडत होती, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकालाही ती फट दिसत नव्हती. गॅलरीतून कुणाला काही दिसत नाही, तरी सगळ्यांची खात्री असते.

फट मिटली.

हायस्कूलला दोन्ही फरे दोन सेकंद टेकलेले लागतात. कॉलेजला एक सेकंद. हे दोन सेकंद मनात मोजायचे असतात, ओठ न हलवता. मी मराठीत मोजतो, एक हजार एक, एक हजार दोन. पहिल्या वर्षी मी हे मोजायचोच नाही. पाठ टेकलेली दिसली की हात आपोआप मॅटवर आपटायचा, मातीतली सवय. एका लढतीत त्यावरून मोठा वाद झाला, आणि एका जुन्या पंचानं मला बाजूला घेऊन समजावलं की आधी पोटात मोज, मग हात उचल. तेव्हापासून मी जपून मोजतो. त्या रात्रीही जपून मोजत होतो, आणि भोंगा वाजला.

मी हात आपटला नाही. उभा राहून चार बोटं दाखवली. २२-४, टेक्निकल फॉल, ५ गुण. ३६-३६. टेबलावर निकषांचा कागद निघाला आणि लाल संघाला १ गुण मिळाला.

हिरव्यांचा प्रशिक्षक टेबलाशी आला, पण मोजणी हा पंचाचा निर्णय, त्यावर दाद मागता येत नाही. तो काही बोलला नाही. माझ्याकडं बघून परत गेला. दुसरीकडं लाल संघानं त्या नववीतल्या पोराला खांद्यावर घेतलं होतं. हरलेल्या पैलवानाला खांद्यावर घेतलेलं मी कोल्हापुरात कधी पाहिलं नाही. त्यात मला वाईट काही दिसलं नाही. पाठीवर असताना त्यानं जी मान ताठ धरली, त्याला दाद हवीच. पण मी ज्याचा हात उचलला होता, त्याचा हात ओल्या टॉवेलसारखा जड होता, तो मला अजून मनगटात जाणवतो.

रविवारी फोनवर वडिलांना सांगितलं. नियम, निकष, ताकीद सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"पाठ टेकली का न्हाई, एवढं सांग."

"टेकली."

"मग?"

मी दोन सेकंदांचं सांगायला लागलो. ते म्हणाले, "हां, तुमचं निराळं असतं," आणि आईकडं फोन दिला.

त्यानंतर मी एक केलं. तळघरात गालिच्यावर पालथा पडलो, गाल जमिनीला लावला, हातात फोनचं स्टॉपवॉच घेतलं आणि मनात मोजलं. दहा वेळा. सर्वांत कमी आलं १.९ सेकंद, सर्वांत जास्त २.४. त्या रात्री भोंगा वाजला तेव्हा मी दुसऱ्या 'हजार'वर होतो.